ख्रिस्तपुराण आणि उपासनेची तृप्ति

धर्म कळणें आणि धर्मानें मन भरणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तत्त्वें पाठ होतात, आचार अंगवळणीं पडतात, प्रार्थनेची वेळ चुकत नाहीं. आणि तरीही उपासनामंदिरांतून बाहेर पडतांना मनुष्याला आपण उपाशीच परतलों असें वाटत राहतें. ही उणीव सोसणारे पुष्कळ, बोलून दाखविणारे थोडे. मराठी वाङ्मयांत मात्र एका श्रोत्याची अशी तक्रार नोंदलेली आहे, आणि त्या तक्रारीचें उत्तर म्हणून सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला आहे. तो ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’.

मराठी वाचकाला हा ग्रंथ ठाऊक असतो तो त्यांतील मराठी भाषेच्या गौरवाच्या ओव्यांमुळें. परकीय माणसानें आपल्या भाषेची इतकी वाखाणणी करावी याचा आनंद साहजिक आहे. परंतु स्टीफन्स यांनीं हा ग्रंथ भाषेच्या स्तुतीकरितां रचला नाहीं. गोमंतकांतील नव्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेंत एक जागा रिकामी राहिली होती. ती भरून काढण्याकरितां त्यांनीं तो रचला. ती जागा कशी रिकामी झाली व कशानें भरली हें पाहिलें म्हणजे भक्तीच्या एका जुन्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

पोर्तुगीजांनीं इ. स. १५१० मध्यें गोवें जिंकलें आणि १५४३ मध्यें बारदेश व साष्टी हे प्रांत त्यांच्या हातीं आले. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्यें गोव्यांत उतरले. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत, मुलांना गोळा करीत आणि त्यांना प्रार्थना शिकवीत. पुढचा काळ इतक्या सौम्य रीतीचा नव्हता. १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायासन स्थापन झालें. १५६७ मध्यें साष्टींतील दोनशेंहून अधिक देवळें पाडण्यांत आलीं. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा या देवता त्यांच्या भक्तांनीं नदी ओलांडून पोर्तुगीज अंमलाबाहेर नेल्या. १५८३ मध्यें कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांनीं पांच जेसुइटांना ठार केलें, तेव्हां सरकारनें त्याचा भयंकर सूड घेतला. गांवच्या प्रमुखांना बोलावून घेऊन मारण्यांत आलें.

जे मागें राहिले त्यांतले पुष्कळ ख्रिस्ती झाले. कोणी भीतीनें झाले, कोणी घरदार व जमीन राखण्याकरितां झाले, कोणी मनापासून झाले. कारण कांहींही असो, रविवारीं सकाळीं ते सारे एकाच छपराखालीं येऊन बसत. वेदीवर दिवे लागत, धूप जळे, मुलें गात. परंतु मुख्य उपासना, म्हणजे मिस्सा, लॅटिन भाषेंत चाले. डोळ्यांना आणि कानांना पुष्कळ मिळे. समजुतीच्या वाट्याला फार थोडें येई.

आणि पूर्वी जें होतें तें गेलें होतें. देवळाच्या सभामंडपांत पुराणिक बसे, तेव्हां ऐकणाऱ्यांना कथा बहुधा आधींच ठाऊक असे. तरी ती पुनः पुनः ऐकण्यांत मन रमे. घरीं परततांना एखादी ओवी ओठांवर राही. दुसऱ्या दिवशीं जात्यावर किंवा शेताच्या बांधावर ती सहज म्हटली जाई. अशा रीतीनें देवाची गोष्ट देवळांतून घरांत येई आणि घरांतलीच होऊन जाई. नव्या धर्माच्या अंमलांत जुनीं पुराणें निषिद्ध ठरलीं. त्यांच्या जागीं प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण आलें. तें आवश्यक होतें यांत शंका नाहीं. पण पाठ केलेलें उत्तर परीक्षेला उपयोगी पडतें. एकटेपणीं तें सोबत करीत नाहीं.

अशा समाजांत थॉमस स्टीफन्स येऊन राहिले. त्यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास झाला. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत, १५५९ च्या कायद्यानें, तेथें रोमन कॅथॉलिक पद्धतीची उपासना बेकायदेशीर ठरली होती. थॉमस पाउंड नांवाच्या मित्राबरोबर, त्याचा नोकर असल्याचें सोंग घेऊन, स्टीफन्स कांहीं काळ हिंडले. मित्र तुरुंगांत गेला. स्टीफन्स रोमला पोंचले आणि १५७५ मध्यें जेसुइट संघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघालेलें त्यांचें जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागलें. त्यानंतर १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत चाळीस वर्षें ते याच भूमींत राहिले, आणि त्यांतलीं बहुतेक साष्टींत गेलीं. स्वतःच्या देशांत ज्यांना आपल्या रीतीनें देवाला भजणें अशक्य झालें होतें, ते अशा लोकांत आले कीं ज्यांची जुनी उपासना त्यांच्याच धर्मबंधूंच्या राज्यानें मोडून टाकली होती. इतिहासांतील हा विरोध दृष्टीआड करतां येत नाहीं.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच तो प्रसंग आहे. साष्टींतील देवालयांत पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत आहेत. इतक्यांत एक ब्राह्मण पुढें होतो आणि विनंति करतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा, कीं आपण देतां तें शिक्षण चांगलें आहे. परंतु पूर्वीचीं पुराणें आपण वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरीं पुराणें कां करून देत नाहीं? म्हणजे लोकांच्या मनाची इच्छा पुरेल. त्याच्या मागणींत श्रद्धेविरुद्ध एक शब्दही नाहीं. तो वाद घालीत नाहीं, पुरावा मागत नाहीं, जुन्या देवांकडे परत जाण्याची भाषा काढीत नाहीं. तो फक्त सांगतो कीं मन रितें आहे. उत्तम धर्मोपदेशकाची परीक्षा अशाच क्षणीं होते. रितेपणाला अश्रद्धा म्हणून झिडकारणें सोपें होतें. स्टीफन्स यांनीं तें रितेपण खरें मानलें.

त्यांचें उत्तर दोन भागांत आहे. ‘पहिलें पुराण’ ३६ अवस्वरांचें, म्हणजे अध्यायांचें. त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतची कथा येते. ‘दुसरें पुराण’ ५९ अवस्वरांचें असून त्यांत ख्रिस्ताचें चरित्र आहे. सारी रचना ओवींत आहे. हें वृत्त ज्ञानेश्वरांनीं तेराव्या शतकांत गाजविलेलें. आणि स्टीफन्स गोव्यांत उतरले त्या वेळीं पैठणास एकनाथ याच ओवींतून लिहीत होते. ऐकणाऱ्यांच्या कानांत जी चाल पिढ्यान् पिढ्या बसली होती, तीच चाल आतां बेथलेहेम आणि गालील यांच्याविषयीं बोलूं लागली.

भाषेचा विचारही त्यांनीं श्रोत्याकडे पाहूनच केला. या देशांतील भाषांत परमेश्वराविषयीं बोलण्यास मराठी योग्य दिसली, म्हणून ग्रंथ मराठींत केला, असें ते प्रस्तावनेंत सांगतात. पण शुद्ध मराठी सामान्य लोकांना समजत नाहीं. म्हणून पूर्वीच्या कवींचे अवघड शब्द टाकून तेथील ब्राह्मणांच्या बोलींतले, म्हणजे कोंकणींतले, सोपे शब्द मिसळले, हेंही ते नमूद करतात. स्वर्गाला त्यांनीं वैकुंठ म्हटलें. ज्या कल्पनांना मराठींत शब्द नव्हता तेथें पोर्तुगीज किंवा लॅटिन शब्द राहूं दिले. विद्वानाला ही मिसळ खटकेल. पण देवळाच्या मागच्या ओळींत बसलेल्या म्हातारीलाही कथा कळली पाहिजे, हा ज्याचा हेतु, त्याला दुसरा मार्ग नव्हता.

ग्रंथ छापण्यांतही अडचण होती. देशी अक्षरांत पुस्तकें छापावीं अशी त्यांची इच्छा होती, आणि १६०८ मध्यें त्यांनीं ती रोमला पत्रानें कळविली होती. परंतु देशी लिपीला शेंकडों खिळे पाडावे लागत. रोमन लिपीचें काम अवघ्या २४ अक्षरांत भागे. म्हणून हें मराठी पुराण १६१६ मध्यें राशोल येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. वाचतां येणारे ज्या समाजांत थोडे होते तेथें एका मोठ्या काव्यग्रंथाच्या तीन आवृत्त्या लागाव्या, याचा अर्थ उघड आहे. पुस्तक एक जण हातीं धरी आणि सारी मंडळी ऐके. रविवारीं व सणाच्या दिवशीं दुपारच्या उपासनेला देवालयांत तें म्हटलें जाई. गोमंतकांतल्याप्रमाणें वसईच्या देवालयांतूनही त्याचे स्वर उठले. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेसुइटांनीं संत पीटरच्या चरित्रावर असेंच विस्तृत मराठी काव्य रचलें. तें १६२९ पासून १६३४ पर्यंत छापून निघालें. एकाच्या प्रयोगाची आतां परंपरा होऊं लागली होती.

येथें एक आक्षेप निघतो आणि तो रास्त आहे. ज्या सत्तेनें जुनीं पुराणें हिरावून घेतलीं तिच्याच आश्रयानें नवें पुराण मिळालें. मग या तृप्तीला खरी कशी म्हणावी? इतिहास या आक्षेपाला नाहीं म्हणत नाहीं. परंतु तोच इतिहास पुढें एक कसोटीही दाखवितो. सत्तेच्या आधारावर जें उभें असतें तें सत्ता उलटली कीं कोसळतें. मनांत जें रुजलें असतें तें टिकतें. आणि या पुराणावर सत्ता लवकरच उलटली.

२७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कॉन्द द आल्व्होर यांनीं हुकूम काढला कीं, लोकांनीं आपली भाषा सोडून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलूं लागावें. देशी भाषांतील पुस्तकांना उतरती कळा लागली. ख्रिस्तपुराणाच्या त्या तीन छापील आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ मरावयाचा तो असा मेला असता. पण तो मेला नाहीं. गोव्याहून कानडा प्रांतांत जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या होत्या. त्यांनीं त्या जपल्या, पुन्हा उतरून घेतल्या, आणि घरांत मोठ्यानें वाचल्या. १७८४ मध्यें टिपू सुलतानानें मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेलें. त्या बंदिवासांत याच पुराणानें त्यांना धीर दिला अशी त्या समाजाची परंपरा सांगते. तेथें त्यांना ना देवालय होतें ना वेदी. पाठ असलेल्या ओव्या मात्र कोणी काढून घेऊं शकत नव्हतें. ज्या ग्रंथाला कोणत्याही सरकारचा आधार उरला नव्हता तो लोकांनीं पिढ्यान् पिढ्या स्वतःच्या हातांनीं जिवंत ठेवला. आक्षेपाला याहून चांगलें उत्तर देतां येणार नाहीं.

याच हस्तलिखितांवरून जे. एल. साल्ढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें ग्रंथाची नवी आवृत्ति काढली. पुढें लंडनमधील मार्सडेन संग्रहांत देवनागरी लिपींतलें हस्तलिखित असल्याचें अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२० नंतरच्या वर्षांत निदर्शनास आणलें. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध केली, आणि स्टीफन्स यांची देशी अक्षरांची इच्छा ३४८ वर्षांनीं पुरी झाली.

अ‍ॅबट यांच्याच मिशनच्या मंडळ्यांत तोपर्यंत साष्टीचा प्रश्न नव्यानें उभा राहून गेला होता. तेथें उपासना मराठींत होती हें खरें. पण पुष्कळशीं गीतें परक्या चालींवर बेतलेलीं असत. शब्द कळत आणि सूर परका राही. अहमदनगरकडील कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं अभंग व भजनें रचून ती रुंद केली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. १९१९ मध्यें ते वारले, तेव्हां मराठी प्रॉटेस्टंट मंडळीच्या ओठांवर त्यांचीं गीतें कायमचीं बसलीं होतीं. स्टीफन्स आणि टिळक यांच्यांत तीन शतकांचें अंतर आहे. पंथ निराळे, राज्यें निराळीं, एक परदेशांतून आलेला आणि एक कोंकणांत जन्मलेला. तरी दोघांना दिसलेली उणीव एकच होती.

रोमन कॅथॉलिक चर्चनें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेंत, १९६३ मध्यें, उपासनेंत लोकभाषांना जागा दिली. त्यानंतर वसईपासून गोव्यापर्यंतच्या वेदींवर मिस्सा मराठींत व कोंकणींत होऊं लागली. साष्टीच्या त्या ब्राह्मणानें जें मागितलें होतें त्याहूनही हें अधिक होतें. त्यानें तर फक्त एक पुराण मागितलें होतें. परंतु देवाजवळ मन भरावयाचें असेल तर तें आपल्या मनाच्या भाषेंत भरतें, हें त्यानें सर्वांच्या आधीं ओळखलें होतें. त्याचें नांव ग्रंथांत नाहीं; त्याची मागणी मात्र ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरांत कायमची राहिली आहे.