युनिक्स, यूएसबी आणि प्रिंटर : एका जोडणीचा इतिहास



धार आणि देवास या पवारांच्या राजधान्यांत इतिहासाच्या विषयांची वाण नाही. तरीही आज मी एका अगदी साध्या कृतीचा इतिहास आपल्यापुढे मांडण्याचे योजिले आहे. युनिक्स पद्धतीच्या संगणकाला यूएसबी तारेने प्रिंटर जोडणे, ही ती कृती. विषय नवा दिसतो. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र या भूमीला परिचित आहे. अक्षर उमटविण्याच्या विद्येपैकी किती खुले असावे आणि किती राखून ठेवावे, हा तो प्रश्न होय.

धारमध्ये भोजशाळा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत सर्पबंध कोरलेले आहेत. नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय बसविलेले. जो येईल त्याने वाचावे, शिकावे. याच वास्तूतील कोरीव लेख १९०३ मध्ये धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी उजेडात आणले. त्यांत परमार राजा अर्जुनवर्मा याच्या काळातील मदनकवीच्या ‘पारिजातमंजरी’ या नाटिकेची शिळा होती. चार अंकांपैकी पहिले दोनच तिच्यावर आहेत. उरलेल्या दोन अंकांची शिळा हाती लागलेली नाही.

देवासची ओळख वेगळी. तेथे १९७० च्या दशकात बँक नोट प्रेस उभी राहिली. नोटेची शाई, तिची नक्षी, तिची प्रक्रिया ही गुपिते राखणे हाच तेथील धर्म. वर्णमाला खुली असावी आणि नोटेची कृती गुप्त असावी, याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. मग शाळेच्या कचेरीतील प्रिंटर यांपैकी कोणत्या पंक्तीत बसतो? माझ्या मते तो वर्णमालेच्या पंक्तीतला आहे. परंतु बराच काळ त्याला नोटेप्रमाणे वागविले गेले. पुढचा सारा इतिहास या गल्लतीचा आणि तिच्या दुरुस्तीचा आहे.

युनिक्सचा जन्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे त्याचे प्रमुख शिल्पकार. त्यांना कामासाठी नवे यंत्र हवे होते. केवळ संशोधनासाठी ते मिळणे कठीण होते. मजकुराची मांडणी करणारी व्यवस्था देण्याच्या बोलीवर ते मिळाले. १९७१ मध्ये त्याच प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाचे टंकलेखक युनिक्सवर अर्ज तयार करू लागले. म्हणजे युनिक्सचा संसारच मुळी कागदावर अक्षर उतरविण्याच्या कामावर उभा राहिला.

या प्रणालीत प्रत्येक साधन एखाद्या फाइलीसारखे मानले जाते. फाइलीत लिहावे तसे प्रिंटरकडे लिहावे, इतकी ती कल्पना सरळ आहे. पण एका यंत्रावर अनेक माणसे आणि प्रिंटर मात्र एक, अशी त्या काळची स्थिती. दोघांच्या ओळी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाचे काम आधी रांगेत ठेवायचे आणि पडद्यामागे चालणाऱ्या एका प्रोग्रामने ते क्रमाने प्रिंटरकडे पाठवायचे, अशी व्यवस्था झाली. पुढे युनिक्सच्या दोन शाखा पडल्या. बर्कली विद्यापीठाच्या शाखेत छपाईची आज्ञा ‘एलपीआर’, तर मूळ कंपनीच्या सिस्टिम फाइव्ह शाखेत ‘एलपी’. देवासकरांना येथे थोरली पाती आणि धाकटी पाती आठवल्यावाचून राहणार नाही. घराणे एक, गाव एक, पण दरबार दोन आणि कारभारही दोन!

याच काळात प्रिंटरने एका वेगळ्या चळवळीला निमित्त पुरविले. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर होता. कागद अडकला की वापरणाऱ्यांना सूचना मिळावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्रामात करावयाची होती. जुन्या प्रिंटरच्या बाबतीत त्यांनी ती केलीही होती. या वेळी मूळ प्रोग्राम मागितला असता, गुप्ततेच्या कराराचे कारण देऊन त्यांना तो नाकारण्यात आला. १९८३ मध्ये त्यांनी युनिक्ससारखी, पण सर्वांना खुली अशी ‘ग्नू’ प्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला. त्यामागे इतर कारणेही होती. तथापि हा नकार त्यांनी स्वतः वारंवार सांगितला आहे.

आता तारेकडे वळू. १९७० च्या दशकापासून बहुतेक प्रिंटर जाड, अनेक पदरी समांतर तारेने किंवा क्रमिक तारेने जोडले जात. प्रत्येक साधनाची खाच निराळी. हा पसारा आवरण्यासाठी कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली संहिता प्रसिद्ध झाली. तिच्या घडणीत इंटेलमधील अजय भट्ट यांचा वाटा मोठा आहे. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. गायकवाडांच्या बडोद्यात शिकलेल्या अभियंत्याचे हे कर्तृत्व पवारांच्या माळव्यात आवर्जून सांगावेसे वाटते.

यूएसबीच्या मूळ तारेत चारच पदर असतात; दोन विजेचे, दोन संदेशांचे. प्रिंटर जोडताच संगणक त्याला एक क्रमांक देतो आणि त्याची चौकशी करतो : तुझा निर्माता कोण, नमुना कोणता, वर्ग कोणता? प्रिंटरांसाठी सात हा वर्ग ठरलेला आहे. यानंतर प्रिंटर आपले नाव आणि आपल्याला कळणाऱ्या आज्ञाभाषा सांगू शकतो. सन कंपनीच्या ‘सन ब्लेड’ या युनिक्स वर्कस्टेशनांवर २००० मध्ये यूएसबीच्या खाचा आल्या. लिनक्सच्या गाभ्याची २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये यूएसबीच्या आधारासह बाहेर पडली. तारेचा प्रश्न येथे जवळजवळ मिटला.

परंतु खाच जुळली म्हणून भाषा जुळते असे नाही. १९८४ च्या पोस्टस्क्रिप्टसारख्या भाषेत पानाचे पूर्ण वर्णन करता येते आणि तिची संहिताही छापील उपलब्ध होती. पण ती समजणारा प्रिंटर महाग पडे. स्वस्त प्रिंटरांत निर्मात्यांनी हे डोके प्रिंटरमधून काढून संगणकावर सोपविले. पान ठिपक्याठिपक्याने रचण्याचे काम संगणकातील ड्रायव्हर करी, आणि तो पुष्कळदा केवळ विंडोजसाठीच मिळे. युनिक्सला प्रिंटर दिसे, त्याचे नावही कळे. पण त्याच्याशी बोलावे कसे हे कळत नसे. मग जगभरच्या स्वयंसेवकांनी तारेतून वाहणारी माहिती तपासून त्या भाषांचा उलगडा केला. पुराभिलेखांचे अभ्यासक अनोळखी लिपी लावतात, तशाच चिकाटीचे हे काम होते.

दुरुस्तीचा मोठा टप्पा म्हणजे ‘कप्स’, अर्थात ‘कॉमन युनिक्स प्रिंटिंग सिस्टिम’. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिचा आरंभ केला आणि १९९९ मध्ये ती लोकांपुढे आली. तिने ‘एलपी’ आणि ‘एलपीआर’ या दोन्ही आज्ञा स्वीकारल्या. दोन्ही पात्यांची एक कचेरी झाली असे म्हणा! तिचे काम तीन पायऱ्यांनी चालते. मजकूर रांगेत येतो, गाळण्यांमधून जाताना प्रिंटरच्या भाषेत उतरतो, आणि शेवटचा प्रोग्राम तो यूएसबीवरून रवाना करतो. प्रिंटर सापडला की नाही हे ‘एलपीइन्फो’ सांगते, ‘एलपीअ‍ॅडमिन’ त्याच्यासाठी रांग उघडते. अ‍ॅपलने २००२ मध्ये ही व्यवस्था आपल्या संगणकांत घेतली आणि २००७ मध्ये तिचे हक्क विकत घेतले. तरी तिचा मूळ प्रोग्राम खुलाच राहिला. म्हणूनच पुढे ‘ओपनप्रिंटिंग’च्या मंडळींना तो चालवीत राहता आला.

आपल्या दृष्टीने याहून जिव्हाळ्याचा प्रश्न देवनागरीचा. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, तेव्हा हाताने लिहिलेली मात्रा जशीच्या तशी कागदावर उतरत असे. संगणकात तसे नसते. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ साठविला जातो, मग वेलांटी. उमटताना मात्र वेलांटी आधी यावी लागते. जोडाक्षरांचे तर विचारूच नका. हे ज्ञान वाटेत हरवले, की मोडके शब्द कागदावर येतात. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ‘इंडिक्स’ प्रकल्पात लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणण्याचे काम केले, आणि अक्षरशिल्पी र. कृ. जोशी यांचा ‘रघु’ फाँट खुल्या परवान्याने उपलब्ध झाला. आज अक्षरांचे आकार पीडीएफमध्येच बांधून पाठविता येतात. प्रिंटरला देवनागरी येण्याची गरजच उरत नाही.

अलीकडच्या अनेक प्रिंटरांना तर निराळा ड्रायव्हरही लागत नाही. जाळ्यावरील छपाईसाठी ठरलेली जाहीर संहिता आता यूएसबीच्या तारेवरूनही चालते. प्रिंटर आपली क्षमता स्वतः सांगतो आणि सर्वमान्य स्वरूपातील पान स्वीकारतो.

हा इतिहास शाळेत सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. निर्मात्याने नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर देणे थांबविले, की धडधाकट यंत्रही अडगळीत जाते, आणि शाळेसारख्या संस्थेला हा खर्च परवडत नाही. तेव्हा प्रिंटर घेताना किंमत आणि वेग यांबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : याची भाषा जाहीर आहे काय? ज्याची भाषा जाहीर आहे, त्याला निर्मात्यानंतरही कोणीतरी वाली मिळतो. मदनकवीच्या नाटिकेचे दोन अंक आपण वाचू शकलो, याचे कारण शिळा टिकली आणि लिपी व भाषा सर्वांच्या होत्या. शिळा टिकविणे नेहमीच आपल्या हाती नसते. लिपी सर्वांची ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.