गलत्याच्या रंध्यापासून ट्रिम राउटरच्या बिटपर्यंत : साधननिवडीचा इतिहास

प्रस्तावना

लाकडाच्या कडेला दिलेला गोलावा, उतार किंवा नक्षीदार गलता ही पाहणाऱ्याला शोभेची बाब वाटते. कारागिराच्या दृष्टीने मात्र तो साधनांच्या निवडीचा प्रश्न असतो. एका हातात मावणारा विजेवरचा छोटा राउटर, ज्याला ‘ट्रिम राउटर’ किंवा नुसते ‘ट्रिमर’ म्हणतात, आज सुतारकामाच्या लहान कारखान्यांत सर्वत्र आढळतो. त्यासोबत कोणते बिट घ्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ खरेदीचा आहे. परंतु कडेची आकृती साधनात साठवलेली असावी की कारागिराच्या ज्ञानात, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न किमान तीन शतके जुना आहे. इंग्लंड, अमेरिका व जर्मनी येथील घडामोडींच्या आधारे त्याचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

एक आकृती, एक रंधा

अठराव्या शतकातील इंग्लिश व अमेरिकन सुतार गलता काढण्यासाठी लाकडी रंधे वापरीत. त्यांचे दोन प्रकार होते. पहिल्या प्रकारात रंध्याचा तळ व पाते हव्या असलेल्या आकृतीच्या उलट आकारात घडवलेले असे. असा रंधा एकच आकृती, एकाच मापात काढी. दुसऱ्या प्रकारात अंतर्गोल व बहिर्गोल रंध्यांच्या जोड्या असत. इंग्लिश पद्धतीच्या पूर्ण संचात १८ जोड्या, म्हणजे ३६ रंधे असत व अर्ध्या संचात १८. या जोड्यांच्या साहाय्याने जवळजवळ कोणताही गलता घडवता येई. मात्र त्यासाठी आकृतीची भूमिती कारागिराला ठाऊक असावी लागे. पहिल्या प्रकारात ज्ञान रंधा घडवणाऱ्याकडे होते, तर दुसऱ्यात ते वापरणाऱ्याकडे होते.

रंधा घडवणाऱ्याच्या या ज्ञानाला किती मोल होते, हे सीझर चेलर यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते. मॅसॅच्युसेट्समधील रेंथम येथील फ्रान्सिस निकल्सन हे अमेरिकेतील सर्वांत जुन्या ज्ञात रंधानिर्मात्यांपैकी एक होत. चेलर हे त्यांच्याकडे गुलाम होते व तेथेच ते हे काम करीत. निकल्सन १७५३ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रान्वये चेलर यांना स्वातंत्र्य मिळाले आणि त्याबरोबर जमीन, कामाचे बाक व अवजारेही मिळाली. त्यानंतर १७८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत चेलर यांनी स्वतःच्या नावाचा शिक्का मारून रंधे घडवले. अमेरिकेतील पहिले ज्ञात कृष्णवर्णीय अवजारनिर्माते म्हणून त्यांची नोंद होते. मॅसॅच्युसेट्समधील गुलामगिरी न्यायालयीन निर्णयांनी १७८३ च्या सुमारास संपुष्टात आली. त्याच्या तीस वर्षे आधी एका माणसाचे नाव लाकडावर कोरले गेले, ते त्याच्या हाती असलेल्या या विद्येमुळे. आकृतीचे ज्ञान कोणाकडे आहे हा प्रश्न म्हणूनच निव्वळ तांत्रिक राहत नाही.

एका अवजारात सर्व आकृत्या

एकोणिसाव्या शतकात यंत्रांनी गलते कापण्यास आरंभ झाला. फिरत्या पात्याचे तत्त्व इंग्लंडमधील सॅम्युअल बेंथम यांनी १७९३ च्या आपल्या पेटंटमध्ये विस्ताराने मांडले होते. पुढे वाफेवर चालणाऱ्या कारखान्यांतून तयार गलत्याच्या पट्ट्या बाजारात येऊ लागल्या व लाकडी रंध्यांची मागणी घटत गेली. याच काळात अमेरिकेतील स्टॅनले कंपनीने १८८० च्या दशकात ‘क्रमांक ४५’ व १८९७ मध्ये ‘क्रमांक ५५’ हे धातूचे संयुक्त रंधे आणले. त्यांत पाती बदलून अनेक आकृत्या काढता येत. लाकडी रंध्यांनी भरलेल्या पेटीची जागा एका अवजाराने घ्यावी, ही त्यामागील कल्पना होती. प्रत्यक्षात ‘क्रमांक ५५’ जुळवण्यास वेळ लागे आणि त्याची सर्व पाती क्वचितच वापरात येत. अवजार घेतल्याने आकृत्या मिळत. त्या कोठे वापराव्यात याचे ज्ञान मात्र त्यासोबत येत नसे.

वीज, कार्बाइड आणि लॅमिनेट

हातात धरून वापरण्याच्या विजेच्या राउटरचा प्रसार पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. न्यूयॉर्क राज्यातील रे कार्टर यांनी बनवलेल्या यंत्राचा व्यवसाय स्टॅनले कंपनीने १९२९ मध्ये विकत घेतला. पात्याच्या धातूतही याच सुमारास बदल घडला. जर्मनीत कार्ल श्र्योटर यांनी १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइडच्या मिश्रणाचे पेटंट घेतले. क्रुप कंपनीने ते १९२६ मध्ये ‘विडिया’ या नावाने, म्हणजे ‘हिऱ्यासारखे’ म्हणून, बाजारात आणले.

छोट्या राउटरचा जन्म मात्र लाकडापेक्षा लॅमिनेटशी निगडित आहे. हर्बर्ट फेबर व डॅनियल ओ’कॉनर यांनी १९१३ मध्ये सिनसिनाटी येथे ‘फॉर्मायका’ कंपनी स्थापन केली. विद्युत निरोधक म्हणून अभ्रकाच्या ऐवजी, म्हणजे ‘फॉर मायका’, वापरायचा पदार्थ हे तिचे मूळ उत्पादन होते. १९३८ पासून मेलामाइन राळेच्या वापरामुळे टिकाऊ शोभिवंत पृष्ठभाग शक्य झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो घरोघरी पोहोचला. आपल्याकडे एका व्यापारी नावावरून ‘सनमायका’ हा शब्दच या वस्तूचे सामान्यनाम झाला. चिकटवलेल्या पत्र्याची बाहेर आलेली कड कापण्यासाठी हलके, वेगवान यंत्र हवे होते; तोच हा ट्रिमर. लॅमिनेटमधील राळ व प्लायवुडमधील सरस पोलादी धार लवकर बोथट करतात. त्यामुळे कार्बाइडची धार असलेले बिट या कामात रूढ झाले.

निवडीचे निकष

ट्रिमरच्या मर्यादा या उगमातून आल्या आहेत. त्याचा वेग मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या आसपास असतो. या वेगाला १२ मि.मी. व्यासाच्या बिटची धार सेकंदाला सुमारे १९ मीटर धावते, तर ४० मि.मी. व्यासाच्या बिटची सुमारे ६३ मीटर. हलक्या यंत्राला व एका हाताच्या पकडीला एवढा भार पेलवत नाही. म्हणून रुंद नक्षीचे बिट येथे वर्ज्य मानावेत. दुसरी बाब दांडीची. पाव इंच म्हणजे ६.३५ मि.मी.; आपल्या बाजारात ६ मि.मी. मापही आढळते. फरक अवघा ०.३५ मि.मी.चा, पण पाव इंची कॉलेटमध्ये ६ मि.मी. दांडी पुरेशी घट्ट बसत नाही व चालू यंत्रातून निसटू शकते. तिसरी बाब मार्गदर्शकाची. जुन्या बिटचे टोक बिटसोबतच फिरे व लाकडाची कड जाळी. बेअरिंगमुळे हा दोष दूर झाला.

या निकषांनुसार निवडलेला संच लहानच ठरतो : खाचेसाठी एक सरळ बिट, लॅमिनेट व साच्याबरहुकूम कापण्यासाठी बेअरिंगचा एक बिट, कड गोल करण्यासाठी एक, अंतर्गोल खोबणीसाठी एक आणि तिरक्या उतारासाठी एक. गोल करणारा बिट किंचित खोल उतरवला की गोलाव्यासोबत पायरीही येते. अंतर्गोल व बहिर्गोल बिट क्रमाने फिरवले की नागमोडी गलता सिद्ध होतो. अंतर्गोल व बहिर्गोल रंध्यांच्या जोड्या हेच काम करीत होत्या.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, साधनांची संख्या वाढवून ज्ञानाची उणीव भरून काढण्याचा प्रयत्न प्रत्येक टप्प्यावर झाला. लाकडी रंध्यांच्या पेटीत, ‘क्रमांक ५५’ मध्ये आणि आजच्या डझनावारी बिटच्या स्वस्त संचांतही. असे संच नवशिक्याला आकर्षक वाटतात; पण त्यांतील बरेचसे बिट पेटीतच राहतात. थोडे, चांगल्या धारेचे बिट घेणे आणि त्यांच्या संयोगातून आकृती घडवण्यास शिकणे, हा मार्ग अधिक श्रमाचा परंतु अधिक फलदायी आहे. व्यवसाय शिक्षणाच्या कार्यशाळांत साहित्याची यादी करताना या इतिहासाचा विचार व्हावा. विद्यार्थ्याच्या हाती किती बिट दिले यापेक्षा त्या बिटमधून किती आकृत्या काढण्यास त्याला शिकवले, हे मोजणे उचित ठरेल. चेलर यांना मृत्युपत्रातून अवजारे मिळाली, परंतु त्या अवजारांचा उपयोग करण्याची विद्या त्यांच्याजवळ आधीपासूनच होती.