कर्माचा आरसा

काटेवाडीला तुकोबांची पालखी येते तेव्हा परीट समाज वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतो, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्यातील भक्तीविषयी मला शंका नाही. प्रश्न पडतो तो वेगळा: जातीने नेमून दिलेले काम मनोभावे केले, म्हणजे ते सत्कर्म ठरते काय?

आमच्या बापजाद्यांना हेच शिकविले होते. मेलेले ढोर ओढणे, सांगावा पोचविणे, वेठ वाहणे हा महाराचा ‘धर्म’. चुकला तो गावाचा गुन्हेगार. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून बजावले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले. १९३६ च्या ‘जातिभेदाचे निर्मूलन’मध्ये त्यांनी नियम आणि तत्त्व यांतला भेद दाखविला: नियम हुकूम पाळायला लावतो, तत्त्व विचार करायला, म्हणूनच जबाबदारी घ्यायला लावते.

धम्मात ही दृष्टी जुनीच आहे. मज्झिमनिकायात बुद्ध राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी? पाहण्यासाठी. तसेच कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर न्याहाळावे: याने मला, दुसऱ्याला, की दोघांनाही दुःख होते? होत असेल तर थांबावे. घडून गेले असेल तर जाणत्यापुढे कबूल करावे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. आपण त्या तोंडपाठ म्हणतो आणि सोयरीक जुळविताना पोटजात विचारतो. मीही विचारली आहे. प्रतिज्ञांचाही नुसता नियमच होणार असेल, तर आपण त्या दिवशी सोडले ते काय?