दारातला शेजारी

रे मिलँड यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि स्वतः नायक साकारलेल्या ‘पॅनिक इन इयर झिरो!’ (१९६२) या अमेरिकी चित्रपटाच्या स्वागताचा शोध केवळ परीक्षणांत घेणे मला अपुरे वाटते. त्याच्या नायकावरचा खटला वर्षभर आधीच उभा राहिला होता.

जुलै १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडींनी अणुहल्ल्यापासून बचावासाठी निवाऱ्यांचा आग्रह धरला. मग प्रश्न आला : आपल्या निवाऱ्याच्या दारात शेजारी येऊन उभा राहिला, तर? जेझुइट धर्मगुरू एल. सी. मॅकह्यू यांनी ‘अमेरिका’ साप्ताहिकात सप्टेंबरात लिहिले, की कुटुंबासाठी बळ वापरणे नीतीला धरूनच आहे. वॉशिंग्टनचे बिशप अँगस डन यांना ‘आधी आपला जीव’ ही वृत्तीच अमान्य होती.

चित्रपटातला हॅरी बाल्डविन या वादातूनच आलेला दिसतो. लॉस एंजेलिसवर बाँब पडताच तो दुकानातून बंदुका लुटतो, वाट मिळावी म्हणून हमरस्त्यावर पेट्रोल पेटवतो. पत्नी अ‍ॅन त्याला जाब विचारते. पुढे गुंड मुलीवर अत्याचार करतात आणि बापाची बंदूक प्रेक्षकाला रास्त वाटू लागते. मॅकह्यू जिंकले, असे वाटते.

पण लुटल्या गेलेल्या दुकानदाराचे, जॉन्सनचे, काय? तो आणि त्याची पत्नी मृत सापडतात. खून गुंडांनी केलेला, म्हणून हॅरी सुटतो. माझ्या मते, डन यांचा प्रश्न तिथेच अनुत्तरित पडून आहे. चित्रपटानंतर तीनच महिन्यांत क्यूबाचा पेच उद्भवला, तेव्हा तो प्रश्न पडद्यापुरता उरला नव्हता.