एकटीनं सोसायचं नाही

मैत्रिणींनो, नळदुर्गच्या शिवारात ऊस तोडताना, खुरपताना मुकादम अंगचटीला आला, तरी आपण गप्प बसतो.

1973 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर तिथल्याच सफाई कामगारानं अत्याचार केला. त्या 42 वर्षं अंथरुणाला खिळल्या. बरोबरीच्या परिचारिकांनीच त्यांना सांभाळलं. 1992 साली राजस्थानात बालविवाह रोखण्याचं काम करणाऱ्या भंवरी देवींवर सामूहिक बलात्कार झाला. महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यातून 1997 चा विशाखा निकाल आला, पुढं 2013 चा कायदा.

तो कायदा शेतमजूर, घरकामवाल्या बाईचाही आहे. तीन महिन्यांच्या आत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करायची. लिहिता येत नसेल, तर समितीनं मदत करायची असते.

धाराशिवला एकटीनं जायला धीर होत नाही? गटातल्या चौघी मिळून जाऊ.