निस्तार पत्रकाची नक्कल: आलापल्ली परिसरातील जमीन-नोंदींचा इतिहास

निस्तार पत्रक ही गावाच्या हद्दीतील, कुणाच्याही भोगवट्यात नसलेल्या जमिनीची सरकारी नोंद. गुरे कुठे चरायची, सरपण कुठून आणायचे, घरासाठी बांबू, बल्ल्या, माती, मुरूम कुठून घ्यायचा, स्मशान कुठे, खळे कुठे, ढोरफोडीची जागा कोणती, हे त्यात लिहिलेले असते. शहरातला माणूस जमीन घेण्याआधी नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढतो. आलापल्ली, अहेरी, एटापल्ली, भामरागड या पट्ट्यात तीच चौकशी निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि वनखात्याचा कक्ष नकाशा या तीन कागदांतून करावी लागते. हे कागद गावाच्या नावाने तयार झाले, पण राहिले कचेरीत.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर चांदा जिल्हा इंग्रजांकडे आला आणि 1861 मध्ये मध्य प्रांतात गणला गेला. त्यानंतरच्या जमीन बंदोबस्तात खालसा गावांवर मालगुजारांना मालकी दिली गेली. दक्षिण व पूर्वेकडच्या जंगली मुलखात जमीनदाऱ्या कायम ठेवण्यात आल्या. त्यांत अहेरीची सर्वांत मोठी. बंदोबस्ताच्या मिसलीत प्रत्येक गावाचा खसरा, नकाशा आणि सोबत वाजिब-उल-अर्ज असे. गावाची वहिवाट या शेवटच्या कागदात येई: तळ्याचे पाणी कोणी घ्यायचे, पडीत जमिनीवर गुरे कोणाची, जंगलातून काय फुकट न्यायचे आणि कशाला पैसे पडतात. मालगुजार आणि रयत यांच्यात तंटा झाला की हाच कागद पुढे येई.

जमीनदारी मुलखात मात्र ही पद्धत पुरी लागू पडली नाही. जंगलाचा धनी जमीनदार, गावे बहुधा ठेक्याने दिलेली. त्यातच माडिया गोंडांची पेंदा शेती दरवर्षी एकाच तुकड्यावर नसे. डोंगरउतारावरची झाडोरी तोडून, जाळून, दोन-तीन वर्षे पीक घेऊन ती जागा पुन्हा जंगलाला सोडली जाई. खसऱ्यात एका क्रमांकासमोर एक कब्जेदार आणि एक पीक लिहायचे असते. फिरत्या शेतीला त्यात रकाना नव्हता. कागदावर अशी जागा रिकामी दिसली, आणि रिकामी दिसलेली जमीन पुढे सरकारी ठरणे ओघानेच आले. या भागातल्या पुढच्या बहुतेक तंट्यांचे मूळ इथे आहे असे म्हणता येते.

आलापल्लीचे सागवान याच काळात नावारूपाला आले. राखीव वनांची आखणी झाली, सीमेवर मिनारे उभे राहिले, जंगल कक्षांत विभागून प्रत्येक कक्षाला क्रमांक मिळाला, कार्ययोजना लिहिल्या गेल्या. या नोंदी नेटक्या होत्या, कारण त्यांच्यावर लाकडाचे उत्पन्न अवलंबून होते. आलापल्लीजवळचा ‘वनवैभव’ हा जुन्या झाडांचा जेमतेम 6 हेक्टरचा तुकडा 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. एवढ्याशा जागेची सीमा निःसंदिग्ध सांगता येते. शेजारच्या गावाच्या चराईची सीमा सांगताना मात्र दोन खात्यांचे दोन नकाशे काढावे लागतात.

हा दुहेरीपणा पक्का झाला 1951 मध्ये. चांदा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. त्या राज्याच्या 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने 31 मार्च 1951 पासून मालगुजारी व जमीनदारी संपली, आणि पडीत जमिनी, जंगल, तळी, वाटा सरकारजमा झाल्या. मालकाविरुद्ध रयतेचे जे निस्ताराचे हक्क होते, ते आता सरकारविरुद्ध झाले. त्यांची चौकशी होऊन गावोगावी निस्तार पत्रके बनली आणि 1954 च्या जमीन महसूल संहितेत त्यांना जागा मिळाली. दुसरीकडे, याच जंगलांचा मोठा भाग वनखात्याकडे जाऊन भारतीय वन अधिनियम, 1927 खाली संरक्षित किंवा राखीव ठरत गेला. महसूल खात्याच्या कागदावर जो भूमापन क्रमांक चराईसाठी राखलेला, तोच वनखात्याच्या नकाशावर एखाद्या कक्षाचा कोपरा. दोन्ही नोंदी खऱ्या, दोन्हींवर सरकारी शिक्का.

विदर्भ 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची. ती 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाली. तिच्या कलम 161 ते 167 मध्ये विदर्भाची ही जुनी व्यवस्था जपली गेली. जिल्हाधिकाऱ्याने पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, गावकऱ्यांची इच्छा जाणून तो पक्का करायचा. पंचायतीने मागणी केल्यास, किंवा पंचायत नसेल तर एक चतुर्थांश प्रौढ रहिवाशांनी अर्ज केल्यास, चौकशी करून नोंद बदलता येते. शेतीच्या गुरांना फुकट चराई, घरगुती वापरापुरते वनोपज व गौण खनिज फुकट, गावातल्या कारागिरांना सवलत, या गोष्टींची तरतूद पत्रकात असावी असे कायदा सांगतो. वाजिब-उल-अर्ज कलम 165 मध्ये आहे. त्यात पाणी घेण्याची, येण्याजाण्याची आणि मासेमारीची वहिवाट येते. गावाचे म्हणणे विचारून जमिनीचा वापर ठरवणारी ही कलमे उत्तम आहेत. ती जितकी वापरली जायला हवी होती तितकी वापरली गेली नाहीत, हे खेदाने नोंदवावे लागते.

नक्कल मागण्याचा हक्क तसा जुना. याच संहितेचे कलम 327 आणि त्याखालचे 1970 चे नियम यांनुसार नकाशे व भूमी अभिलेख कोणालाही पाहता येतात आणि ठरलेली फी भरून प्रमाणित उतारा मिळतो. प्रत्यक्षात अर्जाला कोर्ट फी तिकीट लावले तरी काम होतेच असे नाही, कारण अर्जात नेमका कागद सांगावा लागतो. सातबारा पटवाऱ्याकडे, नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात, निस्तार पत्रक आणि 1954-55 ची अधिकार अभिलेख पंजी तहसीलच्या अभिलेख कक्षात, कक्ष नकाशा वनखात्यात. गावाचा पत्ताही काळाबरोबर बदललेला. जुन्या कागदावर जिल्हा चांदा आणि तहसील सिरोंचा असते. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला आणि अहेरी आता स्वतंत्र तालुका आहे. गावाच्या नावाचे लेखन मराठी, तेलुगू आणि गोंडी उच्चारांमुळे दर कागदाला वेगळे. गावाने काय मागायचे हे गावालाच ठाऊक असले पाहिजे, ही अट माडिया पाड्यावरच्या माणसाला फार जड होती. माहितीचा अधिकार 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला. 10 रुपयांचा अर्ज आणि 30 दिवसांची मुदत आली, पण शोधाचे ओझे अर्जदाराच्याच डोक्यावर राहिले.

ते ओझे उलटे फिरवले वनहक्क कायद्याने. कायदा 2006 चा, नियम 1 जानेवारी 2008 पासून. कलम 3(1)(ख) मध्ये निस्ताराचा हक्क, त्याला कोणत्याही नावाने ओळखले जात असो, सामूहिक हक्क म्हणून मान्य झाला. जमीनदारीच्या काळातले हक्कही त्यात स्पष्टपणे घेतले गेले. उपविभागीय समितीने वन व महसुलाचे नकाशे ग्रामसभेला किंवा वनहक्क समितीला पुरवायचे, आणि ग्रामसभेने कागद मागितला की संबंधित कार्यालयाने प्रमाणित प्रत द्यायची, गरज पडल्यास अधिकारी पाठवून तो समजावून सांगायचा, असे नियमच झाले. पुरावा म्हणून गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्त अहवाल, कार्ययोजना, नकाशे, हक्कनोंदी चालतात; वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आणि जुनी दफनस्थळे, देवस्थाने, विहिरी यांसारख्या खुणाही चालतात. त्यामुळे 1909 चे चांदा जिल्हा गॅझेटियर आणि तहसीलमधले निस्तार पत्रक हे गावाच्या दाव्याचे कागद बनले.

दावा तयार करताना समितीचे लोक दोन्ही नकाशे पुढ्यात घेऊन शिवेवरून चालतात. नाला, टेकडी, देवाची जागा, शेजारच्या गावाशी मिळणारा दगड, असे एकेक ठिकाण कक्ष क्रमांकाशी ताडून पाहतात. सीमेवर शेजारच्या गावाची सहमती घ्यावी लागते, आणि जी शीव पिढ्यान् पिढ्या तोंडी होती ती त्या दिवशी प्रथमच रेषेत येते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी हा एक. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टरवर मिळाला आणि गावाने बांबूची विक्री स्वतः सुरू केली. गडचिरोलीत असे हक्क मिळालेल्या ग्रामसभांची संख्या हजाराच्या पुढे गेली.

पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाचा प्रश्न मात्र वेगळ्याच वाटेने सुटत गेला. निस्तार पत्रकांत चराईसाठी ठेवलेल्या खुरट्या झाडोऱ्याच्या जमिनी या नावाने नोंदल्या होत्या. त्यांतल्या अनेकांवर पुढे घरे, शाळा, कचेऱ्या उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी या जमिनी वनच असल्याचा निर्णय दिला. 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जागांसाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी, असा मार्गही ठेवला. त्यामुळे एखाद्या भूखंडाचे वाटप कोणत्या दिवशी, कोणत्या आदेशाने झाले हे दाखवणारा कागद आता पूर्वीपेक्षा मोलाचा झाला आहे.

2012 च्या दुरुस्त नियमांनुसार हक्कपत्र दिल्यानंतर अंतिम नकाशा तयार करून त्या हक्काची नोंद महसूल आणि वन या दोन्ही खात्यांच्या अभिलेखांत जास्तीत जास्त तीन महिन्यांत घ्यायची असते. ती घेतली गेली का, आणि दोन्हीकडे सारखीच घेतली गेली का, हे पाहण्यासाठी ग्रामसभेला नव्या अभिलेखाची नक्कल पुन्हा मागावी लागते.