चाचपडणाऱ्या बोटापासून पडद्यावरील चित्रापर्यंत: मुलांच्या श्वासमार्गाचा इतिहास (दीर्घ थ्रेड)

१/
मूल चादरीत घट्ट गुंडाळून परिचारिकेच्या मांडीवर बसवले जाई. तोंड उघडे राहावे म्हणून दातांमध्ये धातूचा चाप अडकवला जाई. डॉक्टर डाव्या हाताची तर्जनी घशात खोल घालून चाचपडत आणि त्या बोटाच्या आधाराने एक छोटी नळी श्वासमार्गात सरकवत. दिसत काहीच नसे. १८८० च्या दशकातील न्यू यॉर्कचे हे दृश्य.

२/
आज अत्यवस्थ मुलाला एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेताना हीच नळी घालावी लागली, तर घशातील चित्र एका छोट्या पडद्यावर उमटू शकते आणि ते पथकातील सर्वांना दिसते. या दोन दृश्यांमध्ये शतकाहून अधिक काळाचे अंतर आहे. ते कसे कापले गेले, त्याची ही हकीकत.

३/
आरंभ घटसर्पापासून. या रोगात घशात करड्या रंगाचा चिवट पापुद्रा धरतो. तो स्वरयंत्रापर्यंत पसरला की मूल गुदमरू लागते. एकोणिसाव्या शतकात त्यावर मुख्य उपाय एकच होता: गळ्याला बाहेरून छेद देऊन श्वासनलिका उघडणे. फ्रान्समध्ये ब्रेतोनो आणि त्यांचे शिष्य ट्रूसो यांनी ही शस्त्रक्रिया रूढ केली. तरीही ती झालेली बहुसंख्य मुले दगावत.

४/
१८५८ मध्ये पॅरिसचे डॉक्टर बूशू यांनी वेगळा मार्ग सुचवला: छेद न देता तोंडावाटेच स्वरयंत्रात नळी बसवावी. वैद्यकीय अकादमीत ट्रूसो यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. कल्पना बाजूला पडली आणि पुढची पंचवीसएक वर्षे तशीच राहिली.

५/
तिला पुन्हा जीवदान दिले जोसेफ ओड्वायर यांनी. टाकून दिलेल्या अर्भकांना आश्रय देणाऱ्या ‘न्यू यॉर्क फाउंडलिंग असायलम’मध्ये ते डॉक्टर होते. डोळ्यांदेखत मुले गुदमरून जात होती. कित्येक वर्षे ते नळीचा आकार, लांबी, वजन बदलत राहिले आणि १८८५ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. ती अल्पावधीत सर्वदूर पसरली.

६/
ओड्वायर १८९८ मध्ये निवर्तले. तोवर घटसर्पावरील प्रतिविष उपलब्ध झाले होते. १८९४ मध्ये पॅरिसच्या एमिल रू यांनी मोठ्या संख्येने मुलांवर त्याचे यश दाखवून दिले. हळूहळू घटसर्पासाठी नळीची गरज ओसरली. मात्र एक गोष्ट सिद्ध झाली होती: मुलाचा श्वासमार्ग तोंडावाटे नळी घालून मोकळा ठेवता येतो. उणीव होती ती दृष्टीची.

७/
जिवंत माणसाचे स्वरयंत्र तोपर्यंत कोणी पाहिलेच नव्हते का? पाहिले होते, पण एका गायनाच्या शिक्षकाने! मूळचे स्पेनचे मान्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला.

८/
परंतु आरशाची ही युक्ती शांत बसून सहकार्य करणाऱ्या माणसासाठी होती. गुदमरणाऱ्या मुलासाठी तिचा उपयोग नव्हता. २३ एप्रिल १८९५ रोजी बर्लिनमध्ये आल्फ्रेड कर्स्टाइन यांनी आरसा बाजूला ठेवला. जीभ उचलून धरणाऱ्या उपकरणाने त्यांनी स्वरयंत्र सरळ नजरेने पाहिले. आजच्या लॅरिंगोस्कोपचा हा पूर्वज.

९/
पुढे भूलतज्ज्ञांनी हे साधन आपलेसे केले. १९४१ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट मिलर यांनी सरळ पाते आणले, तर १९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी वक्र पाते. मिलर यांनी १९४६ मध्ये अर्भकांसाठी खास लहान पाते तयार केले. ही नावे भूलतज्ज्ञांच्या तोंडी आजही रोज असतात.

१०/
अर्भकांसाठी वेगळे पाते का? कारण मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, स्वरयंत्र वरच्या बाजूला आणि श्वासमार्गावरचे झाकण लांब व लुळे असते. शिवाय वजनाच्या प्रमाणात अर्भकाला प्रौढाच्या सुमारे दुप्पट प्राणवायू लागतो आणि फुप्फुसांतील साठा अपुरा असतो. श्वास थांबला की हातात उरतात ते काही क्षण.

११/
त्या क्षणांत घशात डोकावू शके फक्त एक डोळा. नळी घालणाऱ्याला काय दिसते, हे शेजारी उभ्या असलेल्या सहायकाला कळत नसे. गुरूला शिष्याची चूक दिसत नसे. ‘दिसते आहे’ असे तो म्हणाला, तर त्यावर विश्वास ठेवणे एवढेच इतरांच्या हाती होते. कर्स्टाइन यांच्यानंतर शंभर वर्षे ही मर्यादा जवळपास तशीच राहिली.

१२/
याच काळात उपचारांचे स्थळही बदलले. १९६२ मध्ये बैरूतचे भूलतज्ज्ञ ब्रँडस्टेटर यांनी दाखवून दिले की अर्भकांमध्ये प्लास्टिकची नळी दिवसेंदिवस ठेवता येते. बालकांचे अतिदक्षता विभाग उभे राहिले, पण मोजक्या शहरांतच. मग रुग्णालय मुलाकडे जाऊ लागले. मेलबर्नमध्ये १९७६ साली नवजातांना आणणारी सेवा सुरू झाली. लंडनमध्ये २००१ साली अत्यवस्थ मुलांसाठी स्वतंत्र पथक आले.

१३/
प्रवासातील धोका कोणता? नवजात बालकाच्या नळीचा आतील व्यास सुमारे साडेतीन मिलिमीटर आणि श्वासनलिकेची लांबी जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. मान थोडी वळली तरी नळी बाहेर निसटते किंवा एकाच फुप्फुसात शिरते. हेलिकॉप्टरच्या आवाजात स्टेथोस्कोप निरुपयोगी ठरतो. म्हणून या पथकांचा शिरस्ता असा की नळी शक्यतो निघण्यापूर्वीच घालावी आणि पक्की करावी. तरीही ती वाटेत निसटली, तर पुन्हा घालावी लागते. जागा अपुरी, माणसे दोन-तीन, मदतीला दुसरे कोणी नाही.

१४/
२००१ मध्ये कॅनडाचे शल्यविशारद जॉन पेसी यांनी ‘ग्लाइडस्कोप’ आणला. पात्याच्या टोकाजवळ कॅमेरा आणि समोर पडदा. नजर आता घशाच्या वळणापलीकडे पोहोचली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती एकट्याची राहिली नाही. बाहेरून गळा हलके दाबणाऱ्या सहायकाला आपल्या दाबाचा परिणाम पडद्यावर दिसू लागला. अनुभवी सहकारी वेळीच ‘थोडे मागे घे’ असे सांगू शकला.

१५/
याने खरोखर फरक पडतो का? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नियोजित शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एक वर्षाखालील बालकांत पहिल्याच प्रयत्नातील यश कॅमेऱ्याने ९३ टक्के, तर थेट नजरेने ८८ टक्के होते. २०२४ मध्ये डब्लिनच्या प्रसूती रुग्णालयातील नवजातांमध्ये हेच आकडे ७४ आणि ४५ टक्के होते. पहिला प्रयत्न मोलाचा, कारण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक प्राणवायू घटतो आणि घसा सुजतो.

१६/
मात्र या दोन्ही चाचण्या रुग्णालयातील आहेत, रस्त्यावरील नव्हेत. रक्त, उलटी वा वाफेने कॅमेरा झाकोळतो. भर उन्हात पडदा फिका पडतो. घसा दिसला म्हणजे नळी शिरलीच असेही नाही. वळणापलीकडचे चित्र स्वच्छ असूनही नळी तिथवर पोहोचत नाही, असे घडते. म्हणून नळी घातल्यावर उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजून खात्री करावीच लागते.

१७/
ओड्वायर यांना बोटाला जे कळे, ते शब्दांत सांगणे कठीण होते; शिकणाऱ्याला स्वतःच्याच बोटाने शिकावे लागे. त्या शिकण्याची किंमत अनेकदा मुलांनी मोजली. कॅमेऱ्याने कौशल्याची गरज संपवलेली नाही. पण ज्या क्षणी मुलाचा जीव टांगणीला असतो, त्या क्षणी नळी घालणारा आता एकटा नसतो. दूरच्या रस्त्यावर, दोन-तीन माणसांच्या पथकात, हा फरक लहान नाही. (समाप्त)